निर्माल्याची गाठ

दुधाचं पातेलं हातात धरून मी खोटं बोललो. जे खरं होतं ते गिळलं आणि वर दुसऱ्यांना नावं ठेवली. आणि तेही जिची गाय गेली होती, तिच्यासमोर.

ही बाई नदीकाठच्या जांभूळ गावची. कात्रपमधल्या आमच्या सोसायटीत ती कित्येक वर्षं सकाळचं दूध घालते. मी तिला मावशी म्हणतो, ती मला साहेब. अंबरनाथच्या एका कारखान्यात मी पॅकिंग बघतो. माल सांडता कामा नये, सुटता कामा नये, एवढीच माझी आयुष्यभराची विद्या.

रविवारची माझी एक रीत होती. आठवड्याचं निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीत भरायचं, पूजेतल्याच नाड्याचे तीन वेढे देऊन गाठ मारायची आणि पुलावरून उल्हास नदीत सोडायचं. पातळ गुलाबी पिशव्या सासरे उल्हासनगरच्या कॅम्प एकमधून किलोवर आणून द्यायचे. बाकीचा कचरा घंटागाडीत जायचा. निर्माल्य मात्र कचऱ्यात टाकायचं नाही, असं आईनं शिकवलेलं. तिच्या वेळी ते केळीच्या पानात असायचं. मी फक्त पानाच्या जागी पिशवी घेतली, एवढंच मला वाटायचं.

मग देवाचं म्हणून त्या पिशवीत हळूहळू काय काय जाऊ लागलं. उदबत्तीची रिकामी पाकिटं, गणपतीचं चित्र असलेलं जुनं कॅलेंडर, उरलेला शिरा. एकदा तर आंबलेल्या पुरणपोळ्या. नैवेद्याचं अन्न कचऱ्यात कसं टाकायचं?

पुलावर सकाळी धुकं असायचं. पिशवी पाण्यावर पडली की जराशी फुगायची आणि कमळासारखी हलत निघायची. ती वळणाआड जाईपर्यंत मी कठड्याला टेकून उभा राहायचो. आठवड्याभराचं मनातलं सगळं तिच्याबरोबर वाहून गेल्यासारखं वाटायचं. वळणापलीकडे काही असेल, हे कधी मनातच आलं नाही. वळणापलीकडे जांभूळ होतं. आमच्या कारखान्याच्या नळाला येणारं पाणीही तिथूनच उचलतात. म्हणजे रविवारी सोडलेलं मी सोमवारी पीत होतो.

एकदा मावशी दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा एकच किटली होती.

"गाय गेली, साहेब."

"कशानं हो?" बायकोनं आतून विचारलं.

"पिशव्या खाल्ल्या. डाक्टरनी पोट कापून हे येवढं बोचकं काढलं, पन वाचली नाय. नदीकाठच्या गुलाबी पिशव्या, नाड्यानं बांधलेल्या. तीन तीन वेढे. डाक्टर बोलला, गाठ मोकली असती तर आतलं खाऊन पिशवी तितंच टाकली असती. गोडाचा वास आला, गाठ सुटंना, तिनं सगलीच गिळली." मग पातेल्यात दूध ओतता ओतता म्हणाली, "येवढी गाठ मारतो तरी कोन? देव काय पलून जानार व्हता?"

मी म्हणालो, "लोकांना अक्कल नाही, मावशी."

बायकोनं बाहेर येऊन माझ्याकडे पाहिलं आणि पातेलं माझ्या हातातून काढून घेतलं.

त्यानंतर रविवारी दुपारी डोळा लागला की एकच स्वप्न पडायचं. आमच्या बैठकीच्या खोलीत एक गाय उभी आहे. मी जमिनीवर बसून एकेक गाठ सोडतो आहे, आणि प्रत्येक पिशवीतून ताजी जास्वंद निघते आहे. खोलीभर लाल उजेड पसरलेला. गाय काही म्हणत नाही. भीती वाटत नसे, उलट फार शांत वाटे. जागा झालो की त्या शांततेचीच लाज वाटायची.

पुलावर जाणं मी बंद केलं. बाल्कनीत एका जुन्या माठाला भोकं पाडली आणि निर्माल्य, भाज्यांची देठं, सालं त्यात टाकू लागलो. पहिल्या महिन्यात त्यात अळ्या झाल्या. "आता देवाला अळ्यांचा नैवेद्य का?" बायको म्हणाली. मग कळलं, ओल्यावर दरवेळी सुका पालापाचोळा आणि मूठभर माती हवी. ताटावर झाकण घालावं, तसं. हळूहळू वास गेला आणि पहिल्या पावसातल्या ढेकळासारखी काळी माती हाताला लागली. नैवेद्य आम्ही उरणार नाही इतकाच करू लागलो. कॅम्प एकमधल्या सिंधी पनीरवाल्यापुढे स्टीलचा डबा ठेवला तेव्हा तो हसला. "साईं, थैली से झगडा हुआ क्या?" झगडा माझा माझ्याशीच होता, पण मी नुसता डबा पुढे सरकवला. घंटागाडीत आता आमच्याकडून लहानशी सुकी पिशवी जायची, तीही दिवसाआड.

सोसायटीत हे पसरलं. एका रविवारी सकाळी सगळ्यांना खाली जमवून मला बोलायला लावलं. मी माठ दाखवला. ओलं-सुकं वेगळं कसं करायचं ते सांगितलं. नदीवर, गुरांवरही बोललो, आणि तिथेही 'लोक' म्हणूनच बोललो. टाळ्या वाजल्या. रिकामी किटली घेऊन मावशी फाटकापाशी थांबली होती. जवळ येऊन म्हणाली, "सगली मानसं साहेबांसारखी असती ना, तर माजी गाय आज असती."

घरी येऊन मी बूट काढत होतो. बायको म्हणाली, "काढू नका. टाळ्या घेतल्यात ना, आता जांभूळला जा."

मी रिक्षा केली. गोठ्याच्या तोंडाशी मावशी म्हशीपुढे गवत टाकत होती. शेजारची दावण रिकामी.

"साहेब, इतं? दूध नासलं काय?"

"नाही. मावशी, त्या गुलाबी पिशव्या माझ्या होत्या. गाठ मीच मारायचो."

तिचा हात गवतातच राहिला. म्हैस मान लांबवून तिच्या मुठीतलं ओढून खाऊ लागली.

"तवा तर बोललात, लोकान्ला अक्कल नाय."

"हो, बोललो."

"मंग?"

"मग काही नाही. तुमची गाय माझ्या हातानं गेली. आणि तुम्ही दारात उभ्या असताना मी ते दुसऱ्यांवर ढकललं. इतके महिने तुमच्याकडूनच दूध घेत राहिलो आणि गप्प बसलो. गाय गेली ते माझ्या अडाणीपणानं, पण गप्प बसलो ते कळून सवरून. मला माफ करा, मावशी."