ती माझी बायको नाही

चौकशी अधिकारी म्हणून हाताळलेली बरीच प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळली आहेत. बुकित तिमाहच्या त्या जोडप्याचं प्रकरण मात्र अजून तसंच्या तसं डोळ्यांसमोर उभं राहतं.

सिंगापूरमधल्या माझ्या नोकरीची शेवटची वर्षं तिथे राहण्याच्या पासासाठी केलेल्या खोट्या लग्नांच्या तपासात गेली. नवरा इथला नागरिक आणि बायको परदेशी असेल, तर नवऱ्याने स्पॉन्सर म्हणून सही करायची. लग्न खरं हवं, टिकलेलं हवं. ते तसं आहे का, हे आम्ही पाहायचो.

खबर त्या जोडप्याच्या शेजारच्या, पुण्याच्या बाईंनी दिली. त्या फोनवर म्हणाल्या, "आमची स्वयंपाकघरं समोरासमोर आहेत. रोज सकाळी ती नवऱ्याकडून पाठ करून घेते. आपलं लग्न कुठे झालं? मी कोणती साडी नेसले होते? खरं लग्न असेल तर हे शिकवावं लागतं का?"

त्या जोडप्यातल्या बाईंच्या पासाच्या मुदतवाढीचा अर्ज नुकताच आला होता. मराठी येतं म्हणून फाइल माझ्याकडे आली. एक महिला सहकारी बरोबर घेऊन मी सकाळी दहाला, न कळवता, तिथे पोहोचलो.

बाईंनी दार उघडलं. पन्नाशीच्या, नागपूरच्या. घर लख्ख होतं, पण प्रत्येक आरशावर चादर टाकलेली होती. कपाटांवर, खणांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. 'चमचे.' 'तुमचे शर्ट.' न्हाणीघराच्या दारावर, 'आत कोणी नाही.' ती चिठ्ठी मी दोनदा वाचली.

नियमाप्रमाणे दोघांना वेगळं बसवलं. बाई सहकाऱ्याबरोबर स्वयंपाकघरात, नवरा माझ्यासमोर बेडरूममध्ये. हार्बरफ्रंटला शिपिंग कंपनीत मॅनेजर होते, लवकर निवृत्त झालेले. दाढी नीट केलेली, शर्टाला इस्त्री.

"लग्न कुठे झालं?"

"नागपूरला. बुद्धविहारात. पांढरी साडी होती."

साडीचं मी विचारलंच नव्हतं. पाठ केलेली उत्तरं अशीच येतात. मी लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. पेन खाली ठेवलं की माणसं बोलतात.

ते पुढे झुकले. "साहेब, ती बाई माझी बायको नाही."

वीस वर्षांच्या अनुभवाने मी चेहरा हलू दिला नाही. "मग कोण आहे?"

"माहीत नाही. चेहरा तोच आहे. इतका तोच की तुम्हीही फसाल. आवाजही काढते तिच्यासारखा. पण ती नाही."

"तुमची बायको कुठे आहे?"

"तेच मी हिला विचारतो. ही नुसती रडते."

खोटं लग्न बाजूलाच राहिलं. मला वाटलं, या घरातून एक बाई नाहीशी झाली आहे. मी त्यांचा जबाब शब्दशः उतरवला. त्यांनी स्वच्छ अक्षरात सही केली.

तेवढ्यात त्यांच्या खिशातला मोबाइल वाजला. तो कानाला लावताच त्यांचा चेहरा उजळला. "अगं, आहेस कुठे? जेवलीस का? हो, ती आहे अजून घरात. तू लवकर ये."

मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "माझी बायको."

मी उठून बाहेर आलो. स्वयंपाकघराच्या दारात सहकारी उभी होती. आत, ओट्याला टेकून, बाई फोनवर बोलत होत्या.

"येते हं. औषध घ्या. तिच्या हातून घ्या, ती चांगली बाई आहे."

फोन ठेवून त्यांनी डोळे पुसले. "अकराला फोन केला नाही तर ते घाबरतात, म्हणून मॅडमना विचारून केला. एरवी खाली बागेत जाऊन करते. आरशातला माणूसही त्यांना परका वाटतो. समोर असले की मी परकी. फोनवर मात्र मी त्यांची बायको असते."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"एकदा. आजार मेंदूचा आहे, वाढत जाणार म्हणाले. ते कागद लपवून ठेवलेत मी. सही त्यांची लागते ना? त्यांनीच सांगितलं ही माझी बायको नाही, तर मी इथे कोण? मला परत पाठवलं तर त्यांना भरवणार कोण?"

लग्नाचा अल्बम पाहिला. पांढऱ्या साडीत त्याच होत्या.

जबाब मी फाडला नाही. तसा अधिकारही नव्हता. अहवालात जबाब जोडला, त्याखाली डॉक्टरांचे कागद आणि फोनचा प्रसंग, सहकाऱ्याच्या साक्षीसह. वर लिहिलं की लग्न खरं आहे, टिकलेलं आहे. पुढे नवऱ्याच्या धाकट्या भावाने त्यांची कायदेशीर जबाबदारी घेतली आणि सहीचा प्रश्न सुटला. बाईंना पास मिळाला.

शेजारच्या बाईंचं नाव मी कुठे सांगितलं नाही. त्यांनी ऐकलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं. दोघांची उत्तरं तंतोतंत जुळली की समजा शिकवलेली आहेत, असं मी नव्या मुलांना वर्षानुवर्षं सांगत आलो होतो. त्यानंतरही सांगत राहिलो. फक्त ती का शिकवली आहेत, हे विचारल्याशिवाय उठू नका, असं पुढे जोडू लागलो.

अजूनही कधी घरी हिचा फोन आला की उचलण्याआधी मी क्षणभर थांबतो. मग हिचा आवाज येतो, येताना काय आणायचं ते विचारणारा, आणि मला बरं वाटतं.