टॅबमधल्या पोरीचे प्रश्न

मी जवळा बाजारजवळच्या एका उपकेंद्रावर सिस्टर आहे. सिस्टरच्या पर्समध्ये काय असतं विचाराल तर मोबाईल, रुमाल आणि किस्से. रुमाल हरवतो, किस्से काही केल्या हरवत नाहीत. त्यात म्हाताऱ्या माणसांची विसरण्याची तपासणी टॅबवर सुरू झाली आणि पर्स फुगतच चालली!

टॅबमधून एक बाई प्रश्न विचारते, एकदम शहरी मराठीत. पहिल्याच दिवशी एका आजोबांनी टॅब उलटा करून मागं बघितलं. मग मला हळूच विचारलं, "पोरगी गोड बोलून राहिली. कोणाची हाय?" मी म्हटलं, मशीन आहे, बाबा. ते म्हणाले, असू दे, पण चहाचं विचारलं का तिला?

*

पोरीचा आवडता प्रश्न म्हणजे "आज कोणता वार आहे?"

आमच्याकडं वार दोनच. बाजार आणि बाजार नसलेला. एक आजी ठासून म्हणाल्या, "बाजार." टॅबनं लाल फुली मारली. आजींनी मला खिडकीपाशी नेलं आणि रस्त्यावरून पिशव्या घेऊन चाललेली माणसं दाखवली. आता सांगा, चूक कोणाची?

*

मग ते पाच शब्द. टॅब सांगतो आणि थोड्या वेळानं परत विचारतो. हत्ती, खुर्ची, गुलाब, रेल्वे, चमचा.

पहिल्या दोन गावांत ठीक चाललं. तिसऱ्या गावात मी टॅब चालू करायच्या आधीच समोरचे मामा म्हणाले, "हत्ती, खुर्ची, गुलाब, रेल्वे, चमचा. झालं का? जाऊ का?" त्यांच्या मागच्या मावशींचंही तेच, त्यांच्या मागच्यांचंही तेच. बाजारात पेपर फुटला होता! मी वर कळवलं, तेव्हा शब्द बदलून मिळाले. पण अजून मला बघितलं की ते मामा रस्त्याच्या पलीकडून "चमचा" म्हणून हात करतात.

*

सगळ्यात वाईट प्रश्न बायकांसाठी होता. "आपल्या पतीचे नाव सांगा."

पदर तोंडाशी, नजर खाली, आणि टॅब लिहितो, उत्तर नाही. म्हणजे स्मरणशक्ती गेली! ज्या बाईनं आयुष्यात नवऱ्याचं नाव घेतलं नाही, ती मशीनपुढं कशी घेणार? एका आजींनी तोड काढली. म्हणाल्या, "मारुतीच्या मालकाचं नाव." टॅबनं नवऱ्याचं नाव मारुती लिहून घेतलं. तिचे खरे मालक रामराव शेजारीच बसले होते.

आमची आशा वर्कर छायाताई तेव्हा जाम भडकली होती. ज्यानं हे बनवलं त्याला आई न्हाई का, म्हणाली.

*

आणि परवा गयामावशी आल्या, मालकांना म्हणजे नवऱ्याला घेऊन.

मालक हळदीचे शेतकरी. मागल्या आठवड्यात वसमतला जायचं तर एसटीतून मधल्याच गावाला उतरले आणि संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिले. मावशींनी मला बाजूला घेतलं. हिंगोलीच्या मोठ्या डॉक्टरांकडं नंबर लावून द्या, म्हणाल्या. मग माझा हात धरला. "सिस्टर, मला बी इसरतील का हो?"

मी टॅब चालू केला.

सोबतच्या माणसानं उत्तर सांगायचं नाही, हा नियम. छायाताईनं मावशींना तो दोनदा समजावला. मालकांना वार आला नाही, महिना आला नाही, पाचातला एकही शब्द आला नाही. नंबर लागणार हे उघड होतं. पण शेवटी पेशंटनं स्वतःच्या आवाजात नाव सांगावं लागतं, त्याशिवाय तपासणी पुढं डॉक्टरांकडं जातच नाही.

"कृपया आपले नाव सांगा."

मालकांनी टॅबकडं बघितलं, छताकडं बघितलं. मग मावशींकडं बघितलं, शाळेतलं लेकरू बघतं तसं. टॅबनं परत विचारलं. कोपऱ्यात सेकंद पळत होते.

मावशींनी पदर डोक्यावर नीट घेतला आणि भिंतीकडं तोंड करून लग्नातला उखाणा सुरू केला.

"हळदीच्या पानाला दवाची धार..."

पुढं नाव येतं. मावशी तिथंच थांबल्या.

"शेषराव," मालक म्हणाले. आणि टॅबमधल्या पोरीला सांगायला लागले, "अजून लाजती बघा."

टॅबनं नाव टिपून घेतलं. स्क्रीनवर शेवटचा प्रश्न आला, माझ्यासाठी: सोबतच्या व्यक्तीने उत्तर सांगितले का? होय. नाही.

माझं बोट तिथंच अडलं.

छायाताई माझ्या खांद्यावरून वाचत होती. म्हणाली, "न्हाई दाबा, सिस्टर. मावशींनी कुठं नाव घेतलं?"