अंजूरचे परीक्षक

परीक्षा या गोष्टीवर माझ्या साडूंइतके प्रेम करणारा गृहस्थ भिवंडी तालुक्यात दुसरा नसेल. आणि दहावीनंतर त्यांनी स्वतः एकही परीक्षा दिलेली नाही हे लक्षात घेता, ते प्रेम अत्यंत निःस्वार्थ म्हटले पाहिजे. अंजूरची त्यांची भातशेती गोदामांखाली गेली, हातांना काम उरले नाही, आणि तेवढ्यात त्यांची मुलगी वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली. मी अशाच दुसऱ्या एका महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, म्हणून ते माझ्याकडे चौकशीला आले. अंतिम परीक्षेबरोबर वर्षभराच्या चाचण्यांनाही, म्हणजे मुलांच्या भाषेत 'इंटर्नल'लाही, महत्त्व असते, हे मी माझ्या सवयीप्रमाणे लांबण लावून समजावले. माझे विद्यार्थी हे ऐकताना पेंगतात. साडू मात्र भारावून गेले.

तेव्हापासून त्यांनी अवघ्या जगाचे इंटर्नल सुरू केले. भिवंडीच्या रिक्षातून उतरता उतरता ते म्हणत, "ब्रेक मारनं सुधारलं हाय. दहातले सात." त्यावर रिक्षावाला शांतपणे सांगे, "सेठ, नंबर आप रखो, भाडा इधर दो." गणपतीच्या आरतीला त्यांनी पाठांतराचे पूर्ण गुण दिले आणि सुराचे कापले, पुढच्या वर्षी त्यांच्या हाती टाळ देण्यात आले नाहीत. घरी एकदा बोंबलाच्या कालवणाला पाच गुण मिळाले, तेव्हा माझ्या मेहुणीने त्यांच्यापुढचे ताटच उचलले. "इंटर्नलला पाच कं? मंग जेवाला जा एक्स्टर्नलकडं!" एक्स्टर्नल म्हणजे अंतिम परीक्षेला बाहेरून येणारा परीक्षक, हे तोवर त्या घरातल्या मांजरालाही ठाऊक झाले होते.

मुलीची चाचणी ते रोज संध्याकाळी ओटीवर स्वतः घेत. मांडीवर माझ्या विषयाचे जाडजूड इंग्रजी पुस्तक, ओळीवर बोट, आणि तोंडाने "बोल बाय, बोल." महाविद्यालयातल्या चाचण्यांत ती वर्षभर पहिल्या पाचांत राहिली. तिथले शिक्षक ओळखीचे, हसतमुख. अंतिम परीक्षेत लेखी उत्तम गेली, आणि तोंडीत ती नापास झाली.

"शब्द फुटला न्हाय तिला," साडू म्हणाले. "त्या एक्स्टर्नलनं करनी केली."

आता पुरवणी परीक्षा उरली होती. तीही गेली, तर तिचा वर्ग पुढे निघून जाणार आणि ती मागून आलेल्या मुलांत बसणार.

म्हणून मी ओटीवर तिची तोंडी परीक्षा घेतली. उत्तरे झकास येत होती. पण दर वाक्याच्या मध्यावर तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे जाई. मी वळून पाहिले. साडू पुस्तकावर बोट ठेवून नंदीबैलासारखी मान हलवत होते. शब्द जुळले की उभी, चुकू लागले की आडवी. एक्स्टर्नलची मान हललीच नसणार, आणि पोर तिथेच थांबली असणार. हे त्यांना सांगताना मला फार संकोच वाटला. मीही वर्गात मुलांच्या उत्तराआधीच हसू लागतो, आणि आजवर त्या हसण्याला मी अध्यापन समजत आलो.

त्यांनी ओळीवरचे बोट काढले आणि पुस्तक मिटले. "म्हंजे माज्या मानेनं पाडली पोरीला?"

दुसऱ्या दिवसापासून ते भिंतीकडे तोंड करून बसू लागले. "बाबा, बरोबर हाय ना?" मुलगी विचारी. भिंत काही बोलत नसे. "दोनी हातांनी मान धरून बसलेत," मेहुणीने मला फोनवर कळवले. मुलगी अडखळली, रडली, एकदा रागाने उठून गेली. मग हळूहळू तिने विचारणे सोडले, आणि ती नुसतीच सांगू लागली.

परीक्षेच्या सकाळी साडू नवा सदरा घालून तयार होते. "बाबा, तुम्ही नका येऊ," ती म्हणाली आणि एकटी गेली. पास झाली. काय काय विचारले, हे सांगायला मात्र ती ओटीवर बसली नाही. "सोपं होतं हो," एवढेच म्हणाली. आता ती वसतिगृहात राहते.

परवा मी अंजूरला गेलो होतो. चहा झाला. साडू कपाच्या कानाशी चाळा करत राहिले, मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "साडू, मना इचारा ना कायतरी."

मी विचारले, "हृदय कोणाच्या हुकमाने चालते?"

"सोताच्याच. मेंदू नुसता सांगतो, जरा सावकाश, जरा बेगीन."

"आणि ते ऐकते?"

त्यांनी गोदामांपलीकडच्या रस्त्याकडे पाहिले.

"आयकतं," ते म्हणाले. "पन येल लागतो."