त्याची जिरवायला गेले

सुटकेला सहा महिने उरलेल्या कैद्यांचे फॉर्म मी भरायचे. एका संस्थेची समुपदेशक म्हणून तुरुंगात जायचे. दोस्त कसले, नशा किती, घर, काम, राग, सगळं विचारून गुण द्यायचे. जास्त गुण म्हणजे पुन्हा गुन्हा करण्याचा धोका जास्त.

एका सकाळी फाइल उघडली तर फिर्यादी म्हणून माझ्याच आईचं नाव. कोपरखैरण्यात भाजी घेऊन येताना बाइकवरून तिची चेन खेचणारा तो हाच. आई पडली, खुबा मोडला. कोर्टात तिला माझ्या भावाने व्हीलचेअरवर नेलं. मी गेले नव्हते, म्हणून हा मला ओळखत नव्हता. नियमाने फाइल दुसऱ्या कोणाला द्यायला हवी होती. कशाला देऊ? आयता हातात सापडला होता.

बोलला नीट. दारू सोडली म्हणाला, नावड्याला बहिणीकडे राहीन म्हणाला. मी मान हलवत प्रत्येक रकान्यात वरचा आकडा लिहिला. पंधरा वर्षं जुन्या पद्धतीत काढलेली बाई मी. तेव्हा आमचा शेरा वाईट गेला की त्या माणसाला कुठल्याही कोर्सच्या दारात कोणी उभं करत नसे. बस म्हटलं सडत. घरी जाताना जिलेबी घेतली.

पुढच्या आठवड्यात कोर्सला घ्यायच्या कैद्यांची यादी लागली. पठ्ठ्या पहिल्या नंबरावर. नव्या पद्धतीत ज्याचा धोका जास्त, त्याच्यावर मेहनत जास्त. त्यानेच गुन्हे कमी होतात, हे तपासून पाहिलेलं. प्रशिक्षणात तीन दिवस हेच शिकवलं होतं, आणि मी मागे बसून चहा पीत होते. वेल्डिंगचा कोर्स त्याला, रागावर ताबा ठेवायचा वर्ग त्याला, वर आठवड्यातून दोनदा समुपदेशन. "तुम्ही एवढं बारकाईने ओळखलंय त्याला, तुम्हीच घ्या," सुपरवायझर बाई म्हणाल्या. माझीच जिरली.

तिसऱ्या बैठकीत, ज्याला आपल्यामुळे इजा झाली त्याच्याबद्दल बोलायचं होतं. तो खाली बघत म्हणाला, "कोर्टात आजी खुर्चीवर होत्या, मॅडम. परत चालायला लागल्या का, कोणी सांगेल का?"

आई आता काठीशिवाय गॅलरीत फेऱ्या मारते. मी म्हटलं, "पुढच्या वेळी बोलू."

तेव्हापासून तो दर वेळी विचारतो. पुढच्या महिन्यात सुटतोय. मी सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.