शेजारचं स्प्लिट

"…जूनमध्ये स्प्लिट. हो गं, फायनल. निखिलचीच आयडिया. आईला नाही सांगितलं अजून, तिचं बीपी वाढेल. ती म्हणेल, असल्या…"

एवढंच ऐकलं मी, आणि स्खिपोल विमानतळावरून उठलेलं विमान नेमकं डोक्यावरून गेलं. पुढचं सगळं त्या घरघराटात बुडालं. ते एक वाक्य पुरं ऐकू आलं असतं, तर आज चहाबरोबर तुम्हाला सांगायला माझी ही फजिती झालीच नसती.

आता मी काही कान लावून बसले नव्हते. हॉलंडमधल्या हूफडॉर्पची ही नवी घरं, मागे हातभर बाग, मध्ये लाकडी कुंपण. मी कपडे वाळत घालत होते, पलीकडे शेजारची रुचा फोनवर बोलत होती. कान मिटायची सोय देवाने दिलेली नाही, त्याला मी काय करू?

स्प्लिट म्हणजे मला एसी माहीत. म्हणून संध्याकाळी यांना विचारलं.

"अहो, नवराबायकोत स्प्लिट म्हणजे काय?"

"फारकत," हे म्हणाले. "का, तुला हवीय?"

हातातली पोळी मी ताटात ठेवली. रुचा आणि निखिल? पुण्याहून येताना आठवणीने माझ्यासाठी गूळपोळ्या आणणारी ही जोडी?

दुसऱ्या दिवशी कुंपणावरून बघते तर निखिल बागेत दोर घेऊन बसलेला.

"काय रे, सामान बांधतोयस?"

"प्रॅक्टिस करतोय, काकू. ही गाठ बघा. कितीही ताण येऊ दे, हलणार नाही. पण आपल्या मनात आलं की एका झटक्यात सुटते."

मनात आलं की सुटते म्हणे. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"कांदा चिरत होता का, काकू?"

मग वाटीभर शिरा घेऊन रुचाला गाठलं. "खरं सांग. स्प्लिटचं ठरलंय?"

ती चक्क लाजली. "तुम्हाला कळलं का? हो, काकू. कधीपासून मनात होतं. दोघांनाही जरा मोकळं व्हायचंय. पण आईला सांगू नका हं, प्लीज."

आता तुम्हीच सांगा, जन्मदात्या आईला असं अंधारात ठेवायचं? रुचाची आई, सुमनताई, मागच्या खेपेला इथे आल्या होत्या तेव्हा रोज दुपारी माझ्याकडेच असायच्या. मी फोनकार्ड खरवडलं आणि पुण्याला फोन लावला.

"ताई, मन घट्ट करा," मी म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं.

सुमनताई रडल्या नाहीत. "फोनवर विचारलं तर ती उडवून लावेल. मी येते," एवढंच म्हणाल्या. ऑगस्टमध्ये यायचंच होतं, व्हिसा हातात होता. तिकीट अलीकडे ओढून ऐन जूनमध्ये बाई दारात हजर. मलाही बोलावून घेतलं, साक्षीला.

"आई, स्प्लिट हे गावाचं नाव आहे," रुचा दात आवळून सांगत होती. "क्रोएशियात, समुद्रावर. जुना राजवाडा आहे तिथे. तिथून याट घेऊन बेटाबेटांनी आठवडाभर निवांत हिंडायचं."

"याट म्हणजे?"

"शिडाची बोट."

"असल्या बोटीत तू? पोहता तरी येतं का तुला?"

कळलं ना, विमानाने काय गिळलं होतं ते?

बोट तर ठरलेली. निखिलने इथल्या तळ्यावर शिडं सांभाळायला शिकून परवाना काढलेला, बरोबरचं मित्राचं कुटुंब त्याच्याच भरवशावर. त्याला जाणं भाग होतं. मुलीला बोटीत पाठवायला सुमनताई तयार नव्हत्या, आणि परदेशात एकट्या मागे राहायलाही नाही. वर्षभर ज्या सुट्टीची वाट पाहिली ती रुचाची सुट्टी माझ्यामुळे घरातच गेली.

मला अशी चीड आली म्हणता! माझी तर आलीच, पण या मुलांचीही आली. 'स्प्लिट नावाच्या गावी फिरायला चाललोय' असं एक वाक्य धड मराठीत बोलायला काय जात होतं?

निखिल निघाला तेव्हा सुमनताई माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या होत्या. रुचा त्यांना न्यायला आलेली. तो बॅग ओढत एकटाच बसस्टॉपकडे गेला.

"गेला बघा," सुमनताई म्हणाल्या.

रुचाने माझ्याकडे बघितलं. "काकू, आता तुम्हीच समजवा."

मी जवळ जाऊन म्हटलं, "सुमनताई, स्प्लिट खरंच गाव आहे हो. चूक माझी झाली. दोघं अगदी सुखात आहेत."

त्यांनी माझा हात हातात घेतला. "वहिनी, तुम्ही मनाने फार साध्या. या मुलांनी तुम्हालाही गुंडाळलं."