न आलेल्या बायका

पद्मजा गेल्याचं कळलं तेव्हा दुपारची ओपीडी संपत आली होती. फोनवर तिचे यजमान सतीशराव होते. "ताई, पद्मजा गेली. आज सकाळी," एवढंच म्हणाले. तिचा जुना कॅन्सर परतला होता, पोटात पसरला होता, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तीनच महिन्यांपूर्वी तिचा फोन आला होता, "एक दिवस जेवायला ये ना," म्हणून. मी "पुढच्या रविवारी नक्की" म्हटलं आणि गेले नाही. मी कुकटपल्लीत, ती सिकंदराबादला. अमीरपेटला मेट्रो बदलली की तासाभराचा रस्ता... आणि तेवढा माझ्याच्यानं झाला नाही.

आमची ओळख पंधरा वर्षांपूर्वीची. स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मी पुण्याहून हैदराबादला आले, तेव्हा माझ्याबरोबर शिकणाऱ्या डॉक्टरांत मराठी बोलणारी ती एकटीच. तिचं घराणं निजामाच्या काळापासून इथलं, त्यामुळे तिच्या मराठीत दखनी आणि तेलुगू सहज मिसळलेली. "परेशान नक्को होऊ, मी आहे ना," हे तिचं पहिल्या आठवड्यातलं वाक्य. लेबर रूममध्ये एखादी बाई घाबरून ओरडायला लागली की पद्मजा तिच्या उशाशी जाऊन उभी राहायची आणि हळूच काहीतरी बोलायची. काय बोलायची ते कधीच ऐकू आलं नाही, पण बाई शांत व्हायची.

तिसऱ्या वर्षी प्रबंध पुरा करायचा होता. माझा विषय गर्भारपणातल्या रक्तक्षयाचा. सलाइनमधून लोह दिलेल्या बायकांचं रक्त बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. बहुतेक आल्या. अकरा जणी आल्या नाहीत. फोन लागत नव्हते, जमा करायची तारीख तोंडावर आली होती, आणि वॉर्डातून मान वर काढायला फुरसत नव्हती. एका दुपारी कँटीनमध्ये बसून मी त्या अकरा जणींपुढे एकच तारीख आणि हिमोग्लोबिनचे आकडे लिहून टाकले. इतरांसारखेच बरे, पटण्याजोगे. आज हे लिहिताना लाज वाटते.

तक्ते कॉम्प्युटरवर चढवायला पद्मजा मदत करत होती. एका पानाशी ती थांबली. "या अकरा जणींचं रक्त एकाच दिवशी घेतलंस? त्या दिवशी बोनालूच्या सणाची सुट्टी होती. लॅब बंद होती."

मी म्हटलं, "सगळेच करतात गं."

"हौ, करतात," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्यामुळेच जास्त लागलं. "तू नक्को करू. पत्ते काढ. उद्या दुपारपासून आपण दोघी जाऊ."

ती स्वतः रात्रपाळी करून आलेली असायची, तरी चार दुपारी माझ्याबरोबर हिंडली. कुणी माहेरी गेलेली, कुणी घर बदललेलं. एकीच्या सासऱ्यांनी दारातूनच परत पाठवलं. सातव्या घराचा पत्ता सुलतान बाजारामागच्या गल्लीतला. तिथली रेहाना बाळ मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली होती. पाय सुजलेले, ओठ पांढुरके. सासूला तो बाळंतपणाचा अशक्तपणा वाटत होता. म्हणाली, "जच्चगी के बाद कमजोरी रहतीच ना डॉक्टरम्मा." पद्मजा तिच्याजवळ जमिनीवर बसली. "आपा, लेटे तो दम घुटता क्या?" रेहानानं मान हलवली. कितीतरी दिवस ती आडवी झालीच नव्हती, बसूनच झोपत होती. तासाभरात आम्ही तिला रिक्षात घालून हॉस्पिटलात आणलं. बाळंतपणानंतर तिचं हृदय दुबळं झालं होतं. औषधं सुरू झाली, आणि काही आठवड्यांनी ती आपल्या पायांनी घरी गेली.

माझ्या तक्त्यात रेहानासमोर मी चांगला आकडा लिहिला होता. कागदावर ती ठणठणीत होती... ते पान मी फाडायला घेतलं तेव्हा पद्मजा शेजारीच उभी होती. नंतर, अगदी भांडणातसुद्धा, तिनं तो विषय कधी काढला नाही. आमच्या सरांनाही सांगितलं नाही. शेवटी चार जणींचं रक्त मिळालंच नाही. त्यांच्यासमोर जागा रिकामी ठेवून मी तसंच लिहिलं. परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्या रिकाम्या जागांवर बोट ठेवून कारण विचारलं. "शोधलं सर, मिळाल्या नाहीत," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पान उलटलं.

पुढे माझं लग्न झालं, मी इथलीच झाले. तिनं सिकंदराबादला छोटा दवाखाना काढला. भेटी कमी होत गेल्या, वाढदिवसाच्या फोनवर आल्या. त्यातही ती माझ्याच मुलांची चौकशी करत राहायची. स्वतःचं काही सांगायची नाही, आणि मीही खोदून विचारलं नाही. डॉक्टर असून तिच्या आवाजातला थकवा मला ओळखू आला नाही, हे आता राहून राहून टोचतं.

ती गेल्यावर तीन आठवड्यांनी मी तिच्या दवाखान्यात गेले. तिच्या नर्स लक्ष्मी खोली आवरत होत्या. त्यांनी सांगितलं, "तपासणीला यायची बाई आली नाही की मॅडम स्वतः फोन करायच्या. रोज जेवणाआधी. ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशीपण केले." मला पाणी आणायला त्या आत गेल्या आणि टेबलावरचा फोन वाजला. मी उचलला.

"मॅडम का फोन आया था," पलीकडून एक तरुण आवाज. "मैं गाँव में थी, आजिच वापस आई. आप मॅडमच ना?"

मला सांगावं लागलं. पलीकडून बाळाचं कुरकुरणं ऐकू आलं. मग ती म्हणाली, "तो फिर मैं कल आती. मॅडम बुलाए थे ना."

उद्या मीच इथे असेन, असं सांगून मी वेळ विचारली आणि पद्मजाच्या पेनानं तिचं नाव लिहून घेतलं.