आय हॅव सीन लाइफ

आमचे आप्पा मालगाडीवर गार्ड होते. दौंडच्या रेल्वे कॉलनीत आम्ही राहायचो. शिक्षण मॅट्रिकपर्यंतच, पण एका जुन्या अँग्लो-इंडियन गार्डसाहेबाकडून त्यांनी एक वाक्य उचललं होतं, "आय हॅव सीन लाइफ." कॉलनीत कुणाचं लग्न जुळवायचं असो की मोडायचं, लोक सल्ल्याला आमच्याकडे यायचे. आप्पा सगळं ऐकून घ्यायचे, चहा संपवायचे आणि निकाल देऊन वर हे वाक्य ठेवायचे. मग पुढे बोलायची सोयच नसायची. आई आतून म्हणायची, "व्हय, लाइफ तुमीच बघितलं. आमी आपला तवाच बघितला." आणि स्वतःच हसायची.

आप्पा रिटायर झाल्यावरच्या उन्हाळ्यात एका दुपारी आईच्या छातीत कळ आली. घामानं ती भिजून गेली. शेजारचे फिटरचाचा धावत आले. त्यांच्या मेव्हण्याची जीप दारातच उभी होती. ते म्हणाले, "गार्डसाहेब, जीप हाय. गावातल्या डॉक्टरकडं तरी नेऊ."

"पित्त हाय ते," आप्पा म्हणाले. "आय हॅव सीन लाइफ. पॅसेंजर येईलच आता, पुण्याच्या आपल्या दवाखान्यात दाखवू."

रेल्वेच्या माणसाची ही जन्माची खोड. कुठं जायचं तर पास काढून गाडीनं, आणि आजारी पडायचं तर रेल्वेच्याच डॉक्टरपुढे. बाहेरचा डॉक्टर म्हणजे त्यांना परक्याचं दार. आम्ही कुणी हट्ट केला नाही. आप्पांपुढे हट्ट करायची आमच्या घरात रीतच नव्हती.

आई प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली. आप्पा सिग्नलकडे बघत उभे होते. गाडी अगदी वेळेवर आली. आई उठली नाही.

त्यानंतर आप्पांनी ते वाक्य कधी उच्चारलं नाही. कुणी सल्ल्याला आलं तर म्हणायचे, "मला काय कळतंय त्यातलं?" हळूहळू लोकांनी येणं सोडलं. मला त्यांचा भयंकर राग यायचा, आणि एकटे जेवताना दिसले की मी माझं ताट घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसायचे.

लग्न होऊन मी शिरूरला आले. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण माहेरी करणारं कोण होतं? शेवटी आप्पाच दौंडहून एसटीनं माझ्या सोबतीला येऊन राहिले. एका सकाळी, दिवस भरायच्या आधीच, पोटात दुखायला लागलं. मी हाक मारायचा अवकाश, आप्पा अनवाणीच धावत जाऊन रिक्षा घेऊन आले.

पुढे सगळं नीट झालं, मुलगी झाली. पण तेव्हा रिक्षात ते कुठं माहीत होतं? मी विचारलं, "आप्पा, काही होणार नाही ना?"

अशा वेळी बापानं खोटं का होईना, पण "न्हाई" म्हणावं. आप्पांनी माझा हात घट्ट धरला होता. बाहेर बघत ते म्हणाले, "मला न्हाई सांगता येत, बाई."